मैदान गावाबाहेर जाते तेव्हा

श्रोतेहो, खेळाची बातमी म्हणून आपल्या कानावर पडते ती बहुधा धावांची, गोलांची आणि हारजितीची. आज मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, ती धावफलकावर कधी लिहिली जात नाही. एखादा क्लब किंवा एखादी क्रीडासंघटना शहराच्या मध्यावरचे आपले जुने मैदान सोडते आणि दूर गावाबाहेर, मोटाररस्त्याच्या कडेला, नवे स्टेडियम बांधते. संघ तोच, खेळाडू तेच, टोपीवरचे चिन्हही तेच. बदलते ती फक्त जागा. मग त्यात एवढे हळहळण्यासारखे काय, असे कोणी विचारील.

साजगावच्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. कार्तिकात तुमच्याकडे बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सुक्या मासळीचा बाजार लागतो, चार तालुक्यांतली माणसे येतात, सासुरवाशिणी माहेरी येतात. समजा, उद्या कोणी म्हणाले की इथे गाड्या लावायला जागा पुरत नाही, तेव्हा ही यात्रा आपण द्रुतगती मार्गाच्या कडेला मोठ्या पटांगणात नेऊ. पाळणे तेच, दुकाने तीच, मासळीही तीच. तुम्ही काय उत्तर द्याल? सोय होईल हे तुम्ही कबूल कराल; पण ती साजगावची यात्रा राहील का, असे लगेच विचाराल. खेळाच्या मैदानाचे दुखणे याच जातीचे आहे. या दुखण्याची कारणे कोणती, त्यात कोणाचा लाभ होतो आणि कोणाची गैरसोय, ते आज आपण पाहू.

उदाहरण फार लांबचे घ्यायला नको. बोरघाट चढून गेलो, लोणावळा आणि तळेगाव मागे टाकले, की पुण्याच्या अलीकडे मावळ तालुक्यात गहुंजे नावाचे गाव लागते. द्रुतगती मार्गावरून जाताना वाटीसारखे मोठे स्टेडियम दिसते ते इथले. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे हे मैदान २०१२ साली खुले झाले. बसायला सुमारे ३७ हजारांची सोय. त्याआधी पुण्यातले आंतरराष्ट्रीय सामने होत ते स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर. आपल्यापैकी ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना आठवेल की एका बाजूला सारसबाग, जवळच एस.टी.चे स्थानक. कोकणातून, साताऱ्याकडून, सोलापूरकडून आलेला माणूस स्वारगेटला उतरला की पायी चालत मैदानाच्या दारात उभा राही. सामना संपला की तशीच परतीची गाडी पकडी.

त्या मैदानाने मोठमोठे प्रसंग पाहिले. १९८७ च्या विश्वचषकात इंग्लंड आणि श्रीलंका यांचा सामना तिथे झाला. १९९६ च्या विश्वचषकात २९ फेब्रुवारीला त्याच मैदानावर केनियाच्या संघाने वेस्ट इंडिजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळले. विश्वचषकात पहिल्यांदाच उतरलेल्या केनियाने एके काळच्या जगज्जेत्यांना ७३ धावांनी हरवले. क्रिकेटच्या इतिहासातल्या आश्चर्यांची यादी कोणी केली तर हा सामना तिच्यात आल्याशिवाय राहत नाही. असे हे मैदान सोडावे असे संघटनेला का वाटले?

याचे उत्तर ऐकून तुम्हाला कदाचित हसू येईल. भांडण झाले ते खुर्च्यांवरून. नेहरू स्टेडियम हे पुणे महानगरपालिकेचे. क्रिकेट असोसिएशन तिथे सामने भरवी, पण घरमालक निराळा. ३ नोव्हेंबर २००५ रोजी भारत आणि श्रीलंका यांचा एक दिवसाचा सामना होता. त्या सामन्याची तिकिटे कोणाला किती द्यायची, यावरून महापालिका आणि असोसिएशन यांच्यात तंटा झाला. त्यातूनच असोसिएशनने ठरवले की आता स्वतःच्या मालकीचे मैदान हवे. शहरात एवढी मोकळी जागा कुठून मिळणार? म्हणून ती शहराबाहेर गेली.

इथे एक मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. आपण 'पुण्याचे मैदान', 'नागपूरचे मैदान' असे सहज म्हणतो. पण संघ एकाचा, जमीन दुसऱ्याची आणि प्रेक्षक तिसरेच, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. कूळ आणि जमीनमालक यांचे नाते कोकणातल्या माणसाला शिकवायला नको. कूळ वर्षानुवर्षे जमीन कसते, बांध घालते, झाडे लावते. पण कागदावर नाव दुसऱ्याचे असेल तर एक ना एक दिवस प्रश्न उभा राहतोच. मैदानाच्या बाबतीतही जोवर मालक आणि पाहुणा यांचे जमते तोवर कोणी कागद पाहत नाही. मोठा सामना आला, तिकिटांना भाव आला, की मग कागद बाहेर निघतात.

हे पुण्यातच झाले असे नाही. मुंबईत तर त्याची दोन जुनी उदाहरणे आहेत. हिंदुस्थानातला पहिला कसोटी सामना १९३३ साली बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर झाला. पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या संस्थेने चर्चगेटजवळ समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम बांधले, ते १९३७ साली. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांच्या संघांची जी गाजलेली स्पर्धा मुंबईत होई, ती या नव्या मैदानावर आली. आणि पहिल्याच वर्षी काय झाले? आपल्या सभासदांना मिळणाऱ्या जागा पुरेशा नाहीत म्हणून हिंदू जिमखान्याने त्या वर्षी आपला संघच उतरवला नाही.

दुसरे उदाहरण १९७० नंतरचे. मुंबईतले कसोटी सामने ब्रेबॉर्नवर होत, पण सामन्यांची व्यवस्था पाही बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. तिकिटे किती मिळावीत यावरून या असोसिएशनचे आणि क्रिकेट क्लबचे पटेना. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र मैदानाचा आग्रह धरला. थोड्या काळात ते उभेही राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धचा कसोटी सामना वानखेडे स्टेडियमवर झाला. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या, तो हा सामना. ब्रेबॉर्न आणि वानखेडे यांच्यातले अंतर एका किलोमीटरच्या आतले. पण १९७३ नंतर ब्रेबॉर्नवर पुढचा कसोटी सामना व्हायला २००९ साल उजाडावे लागले. भांडणाने मैदान ओस पडते ते असे.

१९३७, १९७३ आणि २००५ ही तीन साले ध्यानात ठेवा. तिन्ही वेळा वादाचे मूळ खेळात नव्हते. चेंडू कसा वळतो किंवा खेळपट्टी कशी आहे, याचा प्रश्न नव्हता. बसायच्या जागा कोणाच्या, हाच प्रश्न होता. मुंबईत वाद झाला तेव्हा मैदान हाकेच्या अंतरावर गेले. पुण्यात वाद झाला तेव्हा शहर इतके वाढलेले होते की मैदान तालुका ओलांडून गेले. एवढाच काय तो फरक.

आता दुसरे कारण. ते मात्र हसण्यासारखे नाही. जुनी मैदाने बांधली गेली तेव्हा येणारी माणसे किती असतील याचा अंदाज आजच्यासारखा नव्हता. दारे अरुंद, जिने अरुंद, सभोवती वस्ती. गर्दी वाढली की ही मैदाने धोक्याची ठरतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या फुटबॉल सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक दगावले. नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या मैदानावर नोव्हेंबर १९९५ मध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्या सामन्यात, मधल्या सुटीच्या वेळी, प्रेक्षागारातली भिंत कोसळली आणि सामना पाहायला आलेली माणसे मृत्युमुखी पडली. घरून डबा बांधून निघालेला माणूस संध्याकाळी घरी परतलाच नाही. अशा वेळी 'जुन्या मैदानाची शान' हा शब्द तोंडातून काढायलाही संकोच वाटतो.

इंग्लंडातही हेच झाले. तिथे फुटबॉलचे क्लब शे-सव्वाशे वर्षे गिरण्यांच्या आणि कामगारांच्या वस्तीत नांदत होते. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की माणूस तडक मैदानात जाई आणि उताराच्या पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभा राही. बोल्टन या गिरणगावच्या क्लबाचे बर्न्डन पार्क नावाचे मैदान होते. १९४६ साली तिथे गर्दीच्या रेट्याखाली ३३ माणसे मेली. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर याहून भयंकर अपघात झाला. त्यात जीव गमावलेल्यांची संख्या पुढे ९७ झाली. त्याची चौकशी न्यायमूर्ती टेलर यांनी केली. मोठ्या मैदानांत प्रत्येक प्रेक्षकाला बसायला जागा असलीच पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी १९९० साली मांडला. उभे राहून पाहणाऱ्यांच्या जागी खुर्च्या टाकायच्या म्हणजे तेवढ्याच जागेत माणसे कमी मावणार. अनेक क्लबांनी हिशेब केला आणि जुनी जागा सोडली. बोल्टनचा क्लब १९९७ साली गावाबाहेर, मोटाररस्त्याजवळ, नव्या स्टेडियममध्ये गेला. बर्न्डन पार्कच्या जागी आज मोठे दुकान उभे आहे.

दुकानाचा उल्लेख केला तो सहज नव्हे. तिसरे कारण पैशाचे आहे, आणि ते या दुकानात दडलेले आहे. शहर वाढते, मैदानाच्या चहूबाजूंनी इमारती उठतात आणि पूर्वी कोणी विचारत नव्हते त्या जमिनीला सोन्याचा भाव येतो. क्लबाच्या पुढाऱ्यांना वाटते, ही जमीन विकू, गावाबाहेर स्वस्तात दुप्पट जागा घेऊ आणि उरलेल्या पैशांतून स्टेडियम बांधू. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस शहरात सान लोरेन्सो नावाचा जुना फुटबॉल क्लब आहे. त्याचे लाकडी बाकांचे आवडते मैदान १९७९ साली बंद पडले आणि पुढे त्या जागी परदेशी कंपनीचे प्रचंड दुकान झाले. पण गंमत अशी की लोक ते विसरले नाहीत. त्यांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, वर्गणी जमवली आणि २०१२ साली शहराच्या विधिमंडळाकडून ती जागा परत मिळवण्याचा कायदा करून घेतला. नातवंडांनी आजोबांच्या मैदानासाठी लढावे, असे हे प्रकरण आहे.

गावाबाहेर जाण्यात पैसा वाचतोच असेही नाही. गहुंजेचेच पाहा. स्टेडियम बांधायला कर्ज काढले होते. एका मोठ्या उद्योगसमूहाचे नाव मैदानाला द्यायचे आणि त्याबद्दल त्याने रक्कम द्यायची, असा करार झाला. ठरलेले पैसे पुरते आले नाहीत, तेव्हा २०१३ साली ते नाव उतरवावे लागले. कर्जाचे हप्ते थकले आणि २०१८ साली बँकांनी मैदानाचा प्रतीकात्मक ताबा घेतला. ज्याने मुलाच्या लग्नासाठी किंवा विहिरीसाठी कर्ज काढले आहे, त्याला याचा अर्थ उलगडून सांगायला नको. शहरातल्या मैदानावर लहानमोठे काही ना काही रोज चाललेले असते. गावाबाहेरच्या स्टेडियमवर मोठे सामने वर्षातून मोजके, आणि देखभालीचा खर्च मात्र तीनशे पासष्ट दिवसांचा.

आता प्रेक्षकाच्या बाजूने विचार करू. साजगावचा एखादा विद्यार्थी गहुंजेला सामना पाहायला निघाला असे समजा. नकाशावर पाहिले तर स्वारगेटपेक्षा गहुंजे त्याला जवळ. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तर खालापूरवरूनच जातो. पण तो मार्ग कोणाचा? ज्याच्याकडे मोटार आहे त्याचा. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पायी चालणारा माणूस यांना त्या रस्त्यावर मज्जाव आहे. रेल्वेने जावे तर खोपोलीची गाडी घाट चढत नाही, ती कर्जतकडे परत जाते. तेव्हा या मुलाने एस.टी.ने लोणावळा गाठायचे, तिथून पुण्याची लोकल धरायची, बेगडेवाडीला किंवा देहूरोडला उतरायचे आणि पुढचा रस्ता रिक्षाने किंवा पायी काटायचा. जाताना हे जमते. दिवसरात्रीचा सामना रात्री संपला की परत कसे यायचे, हा खरा प्रश्न. ज्याच्या घरी गाडी आहे त्याला नवे मैदान जवळ आले. ज्याच्या घरी नाही त्याला, नकाशावर जवळ येऊनही, ते लांबच गेले. मैदान गावाबाहेर गेल्याने प्रेक्षकांची निवड आपोआप होते ती अशी. कोणी फलक लावत नाही की गरिबांनी येऊ नये. रस्ताच ते काम करतो.

शहरातल्या मैदानाभोवती आणखी एक गोष्ट असते, तिचे मोल ती गेल्यावर कळते. चहाची टपरी, भेळवाला, वडापावाची गाडी, सार्वजनिक नळ, एखाद्या ओळखीच्याचे घर. गावाबाहेर हे काही नसते. जे आत मिळेल तेवढेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंजेला भारत आणि न्यूझीलंड यांचा कसोटी सामना झाला. पहिल्याच दिवशी, ऑक्टोबरच्या उन्हात, बहुतेक भागावर छप्पर नसलेल्या त्या स्टेडियममध्ये पिण्याचे पाणी संपले. लोक कासावीस झाले, घोषणा झाल्या, आणि असोसिएशनला दिलगिरी व्यक्त करावी लागली. भारत तो सामना ११३ धावांनी हरला आणि बारा वर्षे मायदेशी न गमावलेली मालिका गेली, हे सर्वांनी वाचले. पण तहानलेल्या प्रेक्षकाची गोष्टही त्या सामन्याच्या इतिहासातच धरली पाहिजे.

पाण्याचा विषय निघाला आहे तर तो पुरता करू, कारण ग्रामीण श्रोत्यांना तो अधिक जवळचा. स्टेडियम गावात येते तेव्हा ते पाणीही मागते. खेळपट्टी आणि हिरवळ जिवंत ठेवायला पाणी लागते. गहुंजे पवना नदीच्या खोऱ्यात आहे. पवनेच्या पाण्याची किंमत मावळाला ठाऊक आहे: पवना धरणाचे पाणी बंद नळातून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्गावर आंदोलन केले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जण मरण पावले. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. २०१८ साली त्याच न्यायालयाने सामन्यांसाठी पवनेचे पाणी घेण्यास मनाई केली. तेव्हा एखाद्या गावाला 'तुमच्याकडे स्टेडियम येणार' असे कोणी सांगितले, तर गावाने आनंदाबरोबर एक साधा प्रश्न विचारावा: पाणी कुठले?

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, हा मनुष्य नव्याचा वैरी दिसतो. तसे मुळीच नाही. नव्या मैदानाने काय दिले, तेही मांडले पाहिजे. नेहरू स्टेडियमवर एक दिवसाचे सामने झाले, पण कसोटी सामना त्याच्या वाट्याला कधी आला नाही. पुण्याला पहिला कसोटी सामना मिळाला तो गहुंजे येथे, फेब्रुवारी २०१७ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा गडी बाद केले आणि भारत ३३३ धावांनी हरला, ही गोष्ट निराळी! २०२३ च्या विश्वचषकातले पाच सामने गहुंजेला झाले. रुंद दारे, गाड्या लावायला जागा, खेळाडूंसाठी चांगल्या सोयी, हे सारे जुन्या जागेत जमणे कठीण होते. आणि आपल्या घरात आपण मालक, हे समाधान तर आहेच.

शिवाय संघ आणि मैदान यांची गाठ आपण समजतो तितकी पुरातन नसते. १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, तो पराक्रम नेहरू स्टेडियमवरचा नव्हे. तो पूना क्लबच्या मैदानावरचा. १९४० आणि १९४१ अशी ओळीने दोन वर्षे देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला, तेव्हा तर नेहरू स्टेडियम नव्हतेच. म्हणजे ज्याला आपण जुने म्हणतो तेही कधी काळी नवेच होते. आज गहुंजेला बापाच्या खांद्यावर बसून सामना पाहणारे पोर चाळीस वर्षांनी त्याच मैदानाला 'आमचे जुने मैदान' म्हणेल.

मग करावे तरी काय? मला वाटते, नागपूरचा दाखला इथे उपयोगी पडेल. विदर्भ क्रिकेट असोसिएशननेही मैदान गावाबाहेर नेले. वर्धा रस्त्यावर जामठा इथे सुमारे ४५ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे पहिला कसोटी सामना झाला. सौरव गांगुलीचा तो शेवटचा कसोटी सामना. पण असोसिएशनने सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान टाकून दिले नाही. मोठे सामने जामठ्याला आणि रणजीचे, मुलांचे, क्लबांचे पुष्कळसे सामने जुन्या मैदानावर, अशी वाटणी केली. पुढे विदर्भाच्या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा जिंकला. हे यश मैदानामुळेच आले असे मी म्हणणार नाही. खेळाडूंची मेहनत आणि चांगले शिक्षण ही त्याची खरी कारणे. पण शहरातला मुलगा सायकलवरून सरावाला जाऊ शकतो असे मैदान हातचे गेले नाही, याला काहीच किंमत नाही असेही म्हणता येणार नाही.

कलकत्त्याच्या फुटबॉलमध्येही हीच रीत दिसते. १९८४ साली सॉल्ट लेकला प्रचंड स्टेडियम झाले आणि मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचे मोठे सामने तिकडे गेले. पण शहराच्या मध्यावरच्या मैदानात, सैन्याच्या ताब्यातल्या जमिनीवर, दोन्ही क्लबांची जुनी मैदाने आणि तंबू राहिले. जत्रेसाठी एक जागा आणि रोजच्या पूजेसाठी दुसरी, असे म्हणा. जिथे ही दुसरी जागा विकली जाते, तिथे लोक दुखावतात. लंडनच्या विम्बल्डन क्लबाला २००३ साली मालकांनी उचलून दूरच्या मिल्टन कीन्स गावी नेले, तेव्हा प्रेक्षकांनी आधीच वर्गणी काढून आपला वेगळा क्लब स्थापन केला होता. तळाच्या स्पर्धेपासून सुरुवात करून तो क्लब वर चढला आणि २०२० साली आपल्या जुन्या वस्तीत, मूळ मैदानापासून जवळच, नव्या मैदानात परतला.

श्रोतेहो, आता शेवटचा आणि आपल्या घरचा मुद्दा. कर्जत-खालापूरच्या गावांत कबड्डीचे आणि क्रिकेटचे वेड किती आहे ते मी तुम्हाला काय सांगावे! भात कापून झाले की खाचरातली ढेकळे फोडून, पाणी मारून, धोपटून मुले खेळपट्टी तयार करतात आणि होळीच्या पुढेमागे सामन्यांना नुसता ऊत येतो. ही आपली मैदाने. यांना भिंत नाही, दार नाही, आणि पुष्कळदा कागदही नाही. जमीन कोणाच्या तरी मालकीची असते, किंवा गायरान असते, किंवा गुरचरण. खोपोलीच्या परिसरात कारखाने आले, घरांच्या योजना आल्या, मुंबईकरांची बंगल्यांची हौस आली. आज ना उद्या त्या खाचराचा व्यवहार होतो, तारेचे कुंपण पडते आणि मुले रस्त्याच्या कडेला उभी राहतात. पुण्याच्या असोसिएशनला निदान गहुंजेला जाता आले. गावच्या पोरांनी कुठे जायचे?

म्हणून माझी विनंती अशी. आपल्या गावात मुले जिथे खेळतात, त्या जागेचा सातबारा एकदा काढून पाहा. जागा खाजगी असेल तर मालकाशी आत्ताच, सलोखा आहे तोवर, बोलणे करून ठेवा. गायरान असेल तर ग्रामसभेत विषय काढा. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावाला परत द्याव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये दिला आहे, तो सरपंचांच्या कानावर घाला. आणि शाळेचे पटांगण असेल तर शिक्षक बंधुभगिनींनी त्याच्या सीमा मोजून घ्याव्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी ज्या गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या आहेत, त्यांत खेळाचे मैदान स्पष्ट लिहिलेले आहे.

शिक्षकांना आणखी एक सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलांना एक तासभर हा पाठ द्या: आपल्या गावातून गहुंजेला जायचे तर कोणकोणती वाहने बदलावी लागतील, एकूण भाडे किती, वेळ किती, आणि रात्री परत यायला शेवटची गाडी कोणती? मग हाच हिशेब स्वारगेटसाठी करायला सांगा. भूगोल होईल, गणित होईल, आणि सोय कोणाची नि गैरसोय कोणाची हेही मुलांना आपसूक कळेल. त्यानंतर त्यांना गावातल्या म्हाताऱ्यांकडे पाठवा आणि विचारायला सांगा की तुम्ही लहानपणी कुठे खेळत होता, आणि त्या जागेवर आज काय आहे. आलेली उत्तरे वहीत उतरवून ठेवा. ग्रामसभेत मैदानाचा विषय निघेल तेव्हा ती वही कामाला येईल.